बोलत चालायचं

“बोला! तोंडं का मिटलीत सगळ्यांनी?”

हॉलच्या मधोमध उभी असलेली व्यायामवाली ताई ओरडली. वर शिट्टीही फुंकली. इथे गोल चालणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या हृदयाने एकदा तरी दगा दिलेला. म्हणून नियम सोपा ठेवलेला: जोडीने चालायचं, बोलत चालायचं. बोलता येईना, म्हणजे धाप लागली. जोडीदार गप्प झाला, की त्याला धरून थांबवायचं.

टॅक्सीवाला एकटाच चालत होता. त्याच्या डाव्या बाजूची जागा अजून कुणी घेतली नव्हती.

हात वर, ताईचा हुकूम.

दाराशी चपलांचं कपाट. एक बाई त्यातून तपकिरी जोड बाहेर काढत होती. घड्याळवाल्याचा, टॅक्सीवाल्याच्या जोडीदाराचा. घरून चपला घालून यायचं, इथे बूट चढवायचे, अशी इथली पद्धत. बूट त्याच्या पायांतच दवाखान्यात गेले. तो परतला नाही. चपला राहिल्या. त्या कुणी हलवल्या नाहीत.

हात खाली.

“ह्यांच्या जोडीला कोण असायचं?” बाईने विचारलं.

टॅक्सीवाल्याच्या पुढे नणंद-भावजय चालत होत्या. बोला म्हणून त्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. भांडण घरून निघतानाच सुरू झालेलं असायचं. आज ते अर्ध्यावर तुटलं. दोघींनी एकाच माणसाकडे बोट केलं.

टॅक्सीवाला थांबायला गेला. शिट्टी.

“काका, एकदम थांबायचं नाही! काय बोलायचं ते चालता चालता.”

म्हणून ती बाई त्याच्या डाव्या बाजूला आली. हातात चपला. चालू लागली.

“तुम्हीच का टॅक्सीवाले भाऊ?”

“हो, वहिनी.”

“एवढंच विचारायचंय. शेवटचं काय बोलले हे?”

खांदे फिरवा.

त्याने खांदे फिरवले. तुमची आठवण काढली होती, असं म्हणता आलं असतं. गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते बोलण्यात त्याची हयात गेली होती.

“मीच बोलत होतो,” तो म्हणाला. “एका म्हातारबाबांची गोष्ट. धावत टॅक्सीत बसले आणि म्हणाले, त्या बसच्या मागे घ्या. म्हटलं, बसमध्ये कोण आहे? तर म्हणे, माझी कवळी.”

तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

“मग हसले का हे?”

“हं म्हणाले.”

“कुठे?”

त्याने भिंतीवरच्या, आग विझवायच्या लाल बंबाकडे मान केली.

“आणि मग?”

“मग मी बोलतच गेलो. बस सिग्नलला अडकली, मी गाडी आडवी घातली... वहिनी, टॅक्सीत गिऱ्हाईक मागे असतं. आपली नजर रस्त्यावर. मागचा ऐकतोय का झोपलाय, ते आरशात—”

उलट फिरा.

सगळे उलट फिरले. तीही फिरली, आता त्याच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला आली. मघाशी मागे राहिलेला बंब आता समोरून येऊ लागला.

“—आरशात दिसतं. इथे आरसा नव्हता. मी पार त्या दारापर्यंत बोलत गेलो. ह्या नणंद-भावजय ओरडल्या, तेव्हा बघितलं. तर शेजारी कुणी नाही.”

श्वास घ्या.

मागून हुंदक्यासारखा आवाज आला. नणंदेचा की भावजयेचा, कळलं नाही.

सोडा.

“मी धरायला हवं होतं,” टॅक्सीवाला म्हणाला.

 ती चपलांच्या तळांवर अंगठा फिरवत चालत राहिली. डाव्या चपलेची टाच जास्त झिजलेली होती.

“घरीसुद्धा हंच,” मग ती म्हणाली. “मीठ कमी पडलं का? हं. दिवा घालवू? हं. दिवसभर त्या बारीक चाकांशी डोळा लावून बसायचे, तोंडाला कामच नाही. त्या सकाळी रंग बरा दिसेना, म्हणून विचारलं, बरं वाटतंय ना? हं म्हणाले.”

बंब आला.

“मी दार लावून घेतलं.”

बंब गेला.

“आवाज का येत नाहीये?” शिट्टी. “बोला, बोला!”

नणंद-भावजयांनी घाईघाईने काहीतरी सुरू केलं. दुधाचं पातेलं कुणी करपवलं, यावरून. इतर जोड्याही कुजबुजू लागल्या. हॉल हळूहळू आवाजाने भरला.

“कवळी मिळाली का?” तिने विचारलं.

“काय?”

“त्या म्हातारबाबांची. हे घरी आले असते, तर मला सांगितलं नसतंच. तुम्ही सांगा.”

टॅक्सीवाल्याने तोंड उघडलं. बस सिग्नलला अडकली. मी गाडी आडवी घातली. ड्रायव्हर खाली उतरला... हजार वेळा सांगितलेली गोष्ट. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं ती जागा पुढेच होती. तिथवर शब्द येईनात. तो चालत राहिला. नजर समोर.

ती त्याच्याकडे बघत होती. कपाळावर घाम होता. इथे सगळ्यांच्याच असतो.

“भाऊ, बरं वाटतंय ना?”

“हं.”

ती जागच्या जागी थांबली. चपला हातातून पडल्या. तिने दोन्ही हातांनी त्याची बाही धरली, इतकी घट्ट, की मागून येणाऱ्या नणंद-भावजय येऊन त्यांच्यावर आदळल्या. शिट्टी वाजली, परत वाजली. तिने सोडलं नाही.

“हं नाही,” ती म्हणाली. “शब्द बोला.”