सुईणीची वाट

"खाली बसा, खाली बसा" ओरडत लवाजम्यापुढचे हाकारे आले आणि तोफू विकणारी ओतामी रस्त्याच्या अलीकडेच अडकली. पलीकडच्या तिसऱ्या घरात तिची लेक ओरिकु कालपासून अडली होती. तिथल्या सुईणीनं सकाळी निरोप धाडला होता, आईला बोलवा, डोळाभेट तरी होईल.

सगळा गाव धुळीत कपाळ टेकून होता. बायकोला इदो शहरात सत्ताधीश शोगुनकडे ओलीस ठेवून एक बडा सरदार, दाइम्यो, आपल्या मुलखात परत निघाला होता. शिरस्ताच होता तो. बायकोला चोरून इदोबाहेर काढलं तर घराणंच बुडायचं. या वेळी त्याचा मेणा मात्र मुंगीच्या पावलानं चालला होता आणि भाले काही संपता संपत नव्हते. काय तो थाट! जीव टांगणीला लागलेला असतानाही ओतामीला मान वर करून बघावंसं वाटलं. पण लवाजमा आडवा ओलांडणाऱ्याचं मुंडकं जागच्या जागी उडत असे. सूट एकीलाच होती, बाळंतपणाला निघालेल्या सुईणीला.

ओतामीनं जन्मात कुणाची नाळ कापली नव्हती. ती उठली.

शेजारणीनं तिची बाही ओढली, डोकं फिरलंय का म्हणून दटावलं. तोवर एक तलवार अर्धी म्यानाबाहेर आली होती.

"सुईण आहे मी," ओतामी म्हणाली. "पलीकडे बाई अडलीय."

तलवार आत गेली. आणि काय सांगावं, भाल्यांची ती अख्खी रांग दुभंगली. जिथं बडे बडे सावकार नाक घासत होते, तिथं तोफूवालीला मोकळी वाट! ओतामीला रडूच फुटलं.

निम्मा रस्ता झाला असेल नसेल, तेवढ्यात मेणा थांबला. शेजारून चालणारा म्हातारा सामुराई तिच्याकडे आला. जिन्नाई त्याचं नाव, दाइम्योचा कारभारी. त्याच्या नुसत्या नजरेनं माणसं चळचळा कापत. आपली लबाडी उघडी पडली असं समजून ओतामीनं मान पुढे केली.

जिन्नाई तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. सामुराई, तोफूवालीपुढे!

"सुईणबाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "देवानंच धाडलं तुम्हाला. पलीकडची बाई थोडी थांबेल ना?"

त्यानं मेण्याचं दार हातभर सरकवलं. आत दाइम्योच्या अंगरख्यात, तोंडात कापडाचा बोळा कोंबून, ओरिकुच्याच वयाची एक बाई कळा सोसत होती.