निळ्या चिंधीची पेंढी

मीठ लादलेले उंट सहारा वाळवंटातल्या बिल्म्याहून आइरच्या डोंगरांकडे परतत होते. जाताना प्रत्येकाने परतीच्या वाटेवर आपल्या उंटासाठी वाळूत गवताची पेंढी ठेवली होती. दुसऱ्याच्या पेंढीला कुणी हात लावत नाही. खमिदूनची पेंढी वादळात उडाली होती. त्याच्या भुकेल्या सांडणीने बसकण मारली. शेजारी अघालीदाजींच्या मुलाची पेंढी होती, निळ्या चिंधीने बांधलेली. पोरगा तीन वर्षांपूर्वी बिल्म्यातून ट्रकने उत्तरेला गेला, तो गेलाच. "दाजी, सोडू का?" "सोड. सांडणी मेली तर तुझी बहीण मला तंबूत घेईल का?" गाठ सुटली आणि खमिदून चमकला. "तीन वर्षांचं गवत इतकं ताजं?" दाजींनी मुंडाशाचं टोक डोळ्यांवर ओढलं. "दरवर्षी जाताना बदलतो. पोराच्या उंटाला शिळं कसं घालायचं?" सांडणी खाऊ लागली. दाजींनी आपल्या पेंढीतलं मूठभर गवत निळ्या चिंधीत बांधलं आणि वाळूत ठेवून दिलं.