लांबचं विमान

"सरळ विमान आहे, काकू. सकाळी इथून बसा, संध्याकाळी तिथे उतरा," एजंट म्हणाला.

काकूंना वाटलं, याची काहीतरी गफलत होतेय. त्यांनी मुलाच्या शहराचं नाव पुन्हा एकदा नीट सांगितलं. त्यावर त्याने स्क्रीनच त्यांच्याकडे वळवला. दोन विमानतळ आणि मधे एक रेघ, कुठेही न थांबणारी.

"पण आमचा मुलगा म्हणतो, दोन दिवस मोडतात. तीनदा विमान बदलावं लागतं."

"छे! हे सरळ विमान तर कैक वर्षं चालू आहे."

दर फोनला मुलाचं एकच पालुपद असे: प्रवास फार लांबचा, बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू.

काका अजून खाली जिन्यातच होते, एकेका पायरीवर गुडघ्यांना शिव्या घालत. उभा जन्म बस चालवलेला माणूस. "आकाशात कुठला आलाय घाट? दोन दिवस लागतीलच कसे?" म्हणत सकाळपासून त्यांनी डोकं खाल्लं होतं. शेवटी तेच काकूंना इथे ओढत घेऊन आले होते.

काकू टेबलावर वाकल्या. "लांबचं नाही का एखादं?"

"लांबचं?"

"दोन दिवस लागणारं."

एजंटला हसू आलं. "लोक इथे लवकर पोचवणारं विमान मागतात, काकू."

"तुम्ही शोधा हो. मुलाला आम्ही तिथे नकोच आहोत, हे यांना कळलं तर खचून जातील."

त्याचं हसू विरलं. तो मुकाट्याने शोधू लागला. कुठून कुठे वळसे घालत, एक अख्खी रात्र परक्या विमानतळावर काढत जाणारा एक द्राविडी प्राणायाम त्याला सापडला.

तेवढ्यात काका धापा टाकत आत आले आणि खुर्चीत कोसळले. "हं, बोला. किती वेळ लागतो?"

एजंटने काकूंकडे पाहिलं. "दोन दिवस, काका. विमानं बदलावी लागतात."

काकांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "म्हणजे पोरगं खरंच सांगत होतं. मीच मेला संशयी."

काकूंचा जीव भांड्यात पडला. पिशवी उचलून त्या उठल्या. "चला मग घरी."

"घरी काय? बस खाली." काकांचा चेहरा उजळला होता. "दोन दिवस बसायचंच आहे ना? जन्मभर दुसरं काय केलं मी? इथे तर गाडीही दुसराच कुणी चालवणार. काढा हो दोन तिकिटं."

"अहो, निदान त्याला विचारू तरी..."

"अजिबात फोन करायचा नाही." काका लहान मुलासारखे हसले. "सरळ दारात जाऊन उभं राहायचं. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं!"