सत्ताविसाव्या ओळीतला उंट

“कोणाला पटायचं नाय, पण मागच्या आठवड्यात माझ्या दारात उंट येऊन बसला होता.”

आप्पा पिलणकर सहाणेच्या कठड्यावर काठी टेकून बसले होते. शिमग्याची पालखी त्या चौथऱ्यावर घटकाभर विसावली होती आणि ढोलवाले चहा पीत होते. वरच्या वाडीची घरं आटोपली होती, आता खालच्या वाडीत उतरायचं होतं. लोक हसले. याच कठड्यावर बसून आप्पांनी एकदा मुशी माशाच्या शेपटीला दोर बांधून होडी थेट जयगडपर्यंत नेली होती. त्या मानाने उंट किरकोळ.

“उंट ऱ्हाऊ दे, आप्पा,” बाळा गावकर म्हणाला. पालखीचा क्रम त्याच्याकडे असे. “सत्तावीस नंबरला ‘कोणी नाही’ लिहिलंय तुम्ही. तुमच्या घरावरनं पुढे जाऊ ना मग?”

गावाचा नेम जुना होता. ज्या घरचा माणूस खांद्याला नाही, त्या अंगणात पालखी बसत नाही. दगडी गडग्याबाहेरूनच पुढे जाते. गेल्या वर्षापर्यंत आप्पा स्वतः खांदा देत. दिवाळीनंतर त्यांचा गुडघा उघडून पुन्हा शिवला, आणि प्रश्न उभा राहिला.

यादी यंदा वहीत नव्हती. बाळाची सून सानिका, तिने ती मोबाइलवर केली होती. गावातल्यांनी आणि मुंबईकरांनी एकाच पानावर आपापल्या घरापुढे लिहायचं: घर उघडं की बंद, खांद्याला कोण. अंथरुणावर पडून काय करणार, म्हणून तिने आप्पांना तिचा जुना फोनही दिला.

गावाचा ग्रुप आप्पांना मासळीबाजारासारखा वाटला. सगळे ओरडतात, ऐकत कोणी नाही. पान मात्र त्यांना आवडलं. पान सहाणेसारखं होतं. कोण आलं, कुठे बसलं, ते दिसे. शेजारच्या रघूने कांदिवलीत बसून आपली ओळ उघडली की तिथल्या चौकटीला हिरवी कड येई आणि वर रघूचं नाव. आप्पा फोनला म्हणत, “ये रे रघू, बस.”

एके दुपारी त्यांच्याच ओळीला पिवळी कड आली. वर नाव होतं, उंट.

“हे गो काय?”

“नाव न सांगता कोणी शिरलं की पान त्याला जनावराचं सोंग देतं,” सानिका म्हणाली. “असेल कोणीतरी. चुकून आला असेल.”

दुसऱ्या दिवशी पाणघोडा आला. तिसऱ्या दिवशी कासव. सोंग रोज वेगळं, पण वेळ एकच, दुपारी एक, डबा खायच्या सुट्टीची. आणि बसायची जागाही एकच. सत्ताविसावी ओळ, शेवटची चौकट. खांद्याला कोण.

आप्पांनी सानिकाला पुढे काही विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको मालन आजारी पडली, तेव्हा त्यांनी मुलाला मुंबईला फोनवर सांगितलं होतं, “आई झकास हाय. सावकाश ये.” विनोद सावकाश आला. तोवर राख थंड झाली होती. दारातूनच तो म्हणाला, “आप्पा, जन्मभर तुमच्या गोष्टींना हसलो. एवढी एकच खरी सांगायची होती.” त्यानंतर त्याचा फोन आला नाही. यांनी केला तर तो उचलत नसे.

त्या शेवटच्या चौकटीत आप्पांनी लिहिलेलं होतं, ‘गुडघा झकास. मीच.’

उंटाने ते वाचलं होतं. पाणघोड्याने वाचलं होतं. आता कासव वाचत होतं. आप्पांनी एका बोटाने एकेक अक्षर पुसलं. मग एकेक अक्षर लिहिलं, ‘गुडघा वाकत नाही. खांद्याला कोणी नाही.’ अर्धा तास लागला. कासव हललं नाही. लिहून झाल्यावर ते थोडा वेळ तसंच बसलं, आणि गेलं.

त्यानंतर आठ दिवस दुपारी एकला आप्पा फोन धरून बसले. उंट नाही, काही नाही.

“आप्पा, काय ते बोला,” बाळा म्हणाला. “ऊन चढतंय.”

‘जा पुढे’ म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं.

“मग पुरतं ऐक की,” ते म्हणाले. “परवा कासव परत आलं. बसलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने लिहिलं, ‘येतो.’”

सानिकाने हातातल्या फोनवर पान उघडलं. पाहिलं. आणि फोन हळूच ओढणीखाली घेतला.

“मग ते दिसत का नाय?” बाळाने विचारलं.

“लिहिलं नि पुसलं. लाजरा हाय तो. लहानपणापासून.”

कोणी हसलं नाही. बाळाने आप्पांकडे पाहायचं टाळून ढोलवाल्यांना खूण केली. कप खाली ठेवले गेले. चौघे पालखीकडे वळले. पण मागच्या दांड्यापाशी पाचवा एक जण आधीच उभा होता. एसटीतून उतरून तसाच आलेला, पाठीवर सॅक, खांद्यावर टॉवेलची घडी नीट बसवत.

“खोटं बोलतायत आप्पा,” तो म्हणाला. “मी काहीसुद्धा लिहिलं नव्हतं.”