एका मताचा अर्ज

कुलूपवाले मामा वॉर्डाच्या निवडणुकीत पडले. एक मत मिळालं. पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मामाही तसंच धरून चालले होते. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री. निवडून आलेला माणूस जसा शिरेल तसे ते निवडणूक कचेरीत शिरले.

तिथे खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. कारकून बाई उरलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या.

"मला मत दिलेला माणूस शोधायचाय," मामा म्हणाले.

"एकच आहे ना? मग आरशात बघा की," बाई सुतळी ओढत म्हणाल्या.

कालपासून सगळे हेच सांगत होते. अर्जावर सूचक म्हणून सही केलेला मेहुणा तर निकाल लागताच म्हणाला, "दाजी, रागावू नका, माझं मी दुसरीकडे दिलं. दोघांनी कशाला वाया घालवायचं? तुमचं होतंच की." अनुमोदक शिंपी मतदानाला गेलाच नव्हता. रांग मोठी होती म्हणे.

मामा काउंटरवर वाकले. आवाज खाली आणला.

"बाई, मी मला मत दिलेलंच नाही."

"म्हणजे?"

"शिक्का हातात घेतला आणि लाजच वाटली हो. आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घालतोय असं झालं. मग खालच्या नावावर मारला."

खालच्या नावाच्या बाई साडेआठ हजारांनी निवडून आल्या होत्या. त्यांच्या विजयातला मामांचा वाटा त्यांना कधीच कळणार नव्हता.

कारकून बाईंची गाठ अर्धीच राहिली. "मग घरातल्या कुणी दिलं असेल."

"यादीप्रमाणे घरात आम्ही दोघं. ही जाऊन सहा वर्षं झाली. यादीला मी अजून कळू दिलेलं नाही."

बाईंनी अर्धी राहिलेली गाठ पुरी केली. "मामा, मतदान गुप्त असतं. आम्हालाही कळत नाही. चुकून पडला असेल कुणाचा तरी शिक्का."

"चुकून पडलेला तिरका पडतो. मोजणीला मी समोर उभा होतो. हा सरळ होता. बरोब्बर मधोमध."

बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. होणार काही नाही, पण आवक क्रमांक मिळेल."

मामांनी उभ्याउभ्याच लिहिलं:

'सदर मतदाराचे नाव गुप्तच ठेवावे, अर्जदाराची हरकत नाही. फक्त त्यांस कळविण्यात यावे की, अर्जदार सायंकाळी सहानंतर घरीच असतो. येताना जेवून येऊ नये, ही नम्र विनंती.'