सेवेरोचं खानदान

"आमच्या खानदानात आजवर कुणी पाठ दाखवली नाही!" टेक्सासच्या सीमेवरच्या गुरांच्या रान्चोतलं जुनं दगडी घर पाहुण्यांना दाखवताना सेवेरो छाती फुगवून म्हणाला.

"अरे पोरा, तुझा पणजोबा पळाला की याच घरातून! नुसत्या चड्डीवर," सीमेवरच्या नदीपलीकडून आलेल्या ओफेलिया आजी म्हणाल्या. "माझ्या पणजीनं बंदूक रोखली तेव्हा."

पाहुणे खो-खो हसले. सेवेरोनं चिडून भिंतीवरची बंदूक काढली आणि म्हातारीच्या हातात कोंबली.

"घ्या! शंभर वर्षं मुकी आहे ही. ओढा चाप, बघू कोण पळतं!"

म्हातारीनं ओढला.

धूर विरला तेव्हा सेवेरोचा डावा कान भिंतीला चिकटलेला होता. बाकीच्या सेवेरोनं खिडकीतून उडी मारली होती.

खाली सावलीत पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर झोपला होता. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या.