घड्याळजींचे वडील

"खोटारडा आहे तो," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली आणि तिने कादंबरी मिटून बाकावर उपडी ठेवली.

मॅडमना नवल वाटलं नाही. ही कादंबरी शिकवायचं त्यांचं हे एकोणिसावं वर्ष. तिच्यातला माणूस परक्या गावात जाऊन स्वतःसाठी नवं बालपण रचतो. घर, आई, नदीत बुडालेला धाकटा भाऊ, सगळं मनचं. चाळीस वर्षं बायकोमुलांना तेच सांगत राहतो आणि शेवटच्या प्रकरणात उघडा पडतो. दरवर्षी निम्मा वर्ग त्याच्यावर चिडायचा, निम्म्याला त्याची कीव यायची. तास संपत आला की मॅडम आठवण आणि ओळख यांवर ठरलेली चार वाक्यं सांगायच्या आणि मुलं ती उतरवून घ्यायची.

आजही तसंच चाललं होतं. एक उंच मुलगा म्हणाला, त्यात काय, आपले मामा सैन्यात कोठारावर होते, पण घरी प्रत्येक लढाई तेच जिंकून आलेत. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची मात्र ऐकेना. त्या माणसाची मुलगी कधी नसलेल्या काकासाठी जन्मभर रडली, ते रडणं कुणी भरून द्यायचं, असं तिचं म्हणणं होतं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून, सगळा वर्ग ज्यांना काका म्हणायचा त्या म्हाताऱ्या विद्यार्थ्याने हात वर केला.

काका अडुसष्ट वर्षांचे. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती सोपवून त्यांनी महाविद्यालयात नाव घातलं होतं. पुस्तकातली अक्षरं बारीक असली की ते खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावत आणि ओळ न् ओळ तपासल्यासारखी वाचत. पहिले पंधरा दिवस मुलांना हसू आवरायचं नाही, मग सवय झाली. वर्षभरात ते वर्गात एक शब्द बोलले नव्हते.

मॅडम बसूनच बोला म्हणाल्या, तरी ते उठून उभे राहिले. दोन्ही हात बाकावर टेकले.

ते म्हणाले, त्यांना मोठ्या पुरातून कुणीतरी उचलून छावणीत आणलं, तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असतील. त्याआधीचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. छावणीत रांग लावून मुलांची नोंद चालली होती. नाव विचारलं, तर पुढच्या मुलाने जे सांगितलं तेच यांनीही सांगून टाकलं. त्यामुळे अनाथाश्रमात पुढे त्या नावाचे दोघे झाले, एक थोरला आणि एक धाकटा. हे धाकटे.

"मग कारकुनाने विचारलं, बाबा काय करतात? मी घाबरलो. काहीतरी सांगायलाच हवं होतं. त्याच्या डोक्यावर भिंतीला एक घड्याळ होतं, बंद पडलेलं. म्हणालो, घड्याळं दुरुस्त करतात."

कारकुनाने ते लिहून घेतलं. पुढे मुलं चौदा वर्षांची झाली की आश्रम त्यांना कामाला लावी. शक्यतो बापाच्या धंद्याला, म्हणजे हात लवकर बसतो. सुताराचा मुलगा सुताराकडे गेला, शिंप्याचा शिंप्याकडे, आणि कागदावर लिहिलं होतं म्हणून यांना एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे धाडलं. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याने मोडकं घड्याळ पुढ्यात टाकलं आणि हातात पेचकस दिला. तासभर तो नुसता बघत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "ये, बघून जा. रक्तातच आहे पोराच्या."

मॅडमचा खडू बोटांतच राहिला होता.

वडील घड्याळजी होते असंच लग्नाच्या वेळी बायकोला सांगितलं, मग मुलांना, असं काका म्हणाले. खोटं सांगतोय असं पहिली काही वर्षं वाटायचं. पुढे कधी वाटेनासं झालं ते कळलं नाही. खरं काय ते घरात आजवर कुणाला ठाऊक नाही. ही कादंबरी त्यांनी दोनदा वाचली होती आणि त्या माणसाला खोटारडा म्हणावं की नाही, हे त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

"माझा नातू नऊ वर्षांचा आहे," ते म्हणाले. "परवा त्याने एकट्याने गजराचं घड्याळ सगळं सुटं करून परत जोडलं. सून म्हणाली, अगदी पणजोबांवर गेलाय."

एवढं बोलून ते खाली बसले आणि रुमालाने भिंग पुसू लागले.

तास संपल्याची घंटा झाली. बाहेर जिन्यावर पावलं वाजू लागली, दुसरा वर्ग दाराशी येऊन थांबला, तरी आत कुणी वही मिटली नाही. मॅडमनी ती चार वाक्यं आठवून पाहिली. एकोणीस वर्षं तोंडपाठ असलेली, पण त्यांतलं एकही त्यांना या खोलीत उच्चारावंसं वाटेना. आपण शिकवायला उभ्या आहोत हेच त्या क्षणभर विसरल्या होत्या. इतर मुलांसारख्याच त्याही खिडकीजवळच्या त्या पांढऱ्या डोक्याकडे पाहत होत्या.

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच मागे वळली.

"काका," ती म्हणाली, "कसे होते तुमचे वडील?"

काकांचा रुमाल थांबला. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि त्यांना आठवायला फार वेळ लागला नाही.

"कमी बोलायचे," ते म्हणाले. "पण बंद घड्याळ सुरू झालं, की आधी माझ्या कानाला लावायचे."